काटकोनातला हात

तंजावूरच्या सरकारी इस्पितळात सात नंबरच्या खोलीत डॉक्टर सेतुमाधवराव बसत. तिथे जाणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाई, तो दुखण्याचा नसे. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, माडावरून पडलात की जिन्यावरून, हे सगळं मागाहून. आधी डॉक्टर कोपऱ्याकडे बोट दाखवत. कोपऱ्यात एक पाट, पाटापुढे केळीचं पान आणि पानावर मूठभर चुरमुरे.

"बसा. जेवतां कसे तें दाखवा."

मनगट मोडलेलं असो, कोपर आखडलेलं असो, नाही तर भाताच्या गिरणीत बोटं सापडलेली असोत, रोग्याला पाटावर मांडी घालून चुरमुरे खाऊन दाखवावेच लागत. मग बायकांनी वेणी घालून दाखवायची, विणकरांनी धोटा फेकल्यासारखा हात करायचा, आणि भटजींनी जानवं कानावर अडकवायचं. १९५९ साली गावात मेडिकल कॉलेज निघालं. तिथली मुलं शिकायला येऊ लागली, तेव्हा त्यांनी त्या खोलीचं नाव 'सात नंबरचं हॉटेल' असं ठेवलं. डॉक्टरांच्या कानावर ते गेलं. ते एवढंच म्हणाले, "हॉटेलांत मांडी घालून कोण बसतें?"

तमिळ रोगी त्यांना 'कै डॉक्टर' म्हणत. कै म्हणजे हात. खांद्यापासून नखांपर्यंतचा मुलूख त्यांचा. पाय मोडलेला कुणी आला तर तेही बघत, पण जरा उपकार केल्यासारखे.

हा पाट त्या खोलीत कसा आला, ते डॉक्टर कधी कुणाला सांगत नसत. माणूस आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो, आणि ही त्यांच्या चुकीची होती. तीसुद्धा साधीसुधी चूक नव्हे. तीन वर्षं दर संक्रांतीला केळ्यांचा घड घेऊन ती त्यांच्या दारात येत होती, आणि डॉक्टर आपले तिच्याकडे बघून खूश होत होते.

सेतुमाधवरावांचं घर राजवाड्याच्या पश्चिमेच्या वीथीवर होतं. पणजोबा मराठ्यांच्या दरबारात कारकून, आजोबा इंग्रजांच्या कचेरीत कारकून, वडील शाळेत हेडमास्तर. घरात मराठी, दारात तमिळ आणि राग आला की इंग्रजी, अशी त्या घराची रीत. डॉक्टर मराठी बोलत अस्खलित, पण वाचायला दिली की पहिलीतल्या पोरासारखे अडखळत. मद्रासला डॉक्टर झाल्यावर ते विलायतेला गेले, तीन वर्षं लिव्हरपूलला राहिले, हाडांची मोठी परीक्षा देऊन १९५३ च्या अखेरीस परत आले.

परत आल्या आल्या गुरुमूर्तीकाकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाने, फर्मान काढलं: समुद्र ओलांडलास, आता प्रायश्चित्त घे. पंचगव्य प्यायचं, शेंडी ठेवायची, मग सगळं शुद्ध. सेतुमाधवराव हसले आणि म्हणाले, "काका, जहाजावर मला उलट्या झाल्या त्या पुष्कळ झाल्या." काका काही हसले नाहीत. त्या दिवसापासून गावातली चार-पाच जुनी घरं डॉक्टरांकडे पाणी प्यायची बंद झाली. डॉक्टर वरवर ते हसण्यावारी नेत, पण मनातून त्यांना ते फार लागलं होतं. पत्नी अंबाबाईंना ते ठाऊक होतं. नवऱ्याच्या मनातलं डॉक्टरिणीला नाही कळणार तर कुणाला?

१९५४ साली ओरत्तनाडू गावाहून चिदंबरराव आले. ताल्लुक कचेरीत कारकून, वय छत्तीस, अक्षर मोत्यासारखं आणि आवाज इतका हळू की त्यांचं ऐकायला पुढे वाकावं लागे. उजव्या कोपराच्या सांध्यात क्षय शिरला होता. कोपर नारळाएवढं सुजलेलं, पू वाहत होता. दुसऱ्या एका डॉक्टरने हात कापायचा सल्ला दिला होता. सोबत बायको होती, सुंदरीबाई. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हात ठेवा. कसाही ठेवा, पण ठेवा."

सेतुमाधवरावांनी हात ठेवला. स्ट्रेप्टोमायसीनची नवी इंजेक्शनं दिली, सांध्यातलं सडकं हाड खरवडून काढलं आणि कोपराची दोन हाडं एकमेकांना कायमची सांधून टाकली. असा सांधा पुन्हा हलत नाही, पण दुखतही नाही, आणि भिंतीसारखा मजबूत होतो. तो कोणत्या कोनात सांधायचा ते विलायतेच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं: टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाचा काटकोनात. कारकुनाहून टेबलाशी बसणारा माणूस आणखी कोण? प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी कोनमापक लावून पाहिला. बरोबर नव्वद. त्यांनी चिदंबररावांना टेबलाशी बसवलं, हातात टाक दिला. चिदंबररावांनी पहिल्यासारख्याच मोत्यासारख्या अक्षरात आपलं नाव लिहिलं. प्लास्टर बांधणाऱ्या रामस्वामीने टाळी वाजवली. सुंदरीबाईंनी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला.

तेव्हापासून दर संक्रांतीला चिदंबरराव बसने तंजावूरला येत. डाव्या खांद्यावर केळ्यांचा घड, उजवा हात पोटापुढे काटकोनात धरलेला. डॉक्टर आल्यागेल्याला तो हात दाखवत, एक्स-रे दाखवत. अंबाबाई पान मांडायला उठत.

"नको, वैनी. जेवून आलों," चिदंबरराव म्हणत.

पुढच्या वर्षी म्हणाले, "आज एकादशी."

"अहो, काल झाली की एकादशी!" अंबाबाई म्हणाल्या.

"ती स्मार्तांची. मी भागवत एकादशी धरतों," असं म्हणत ते निघालेसुद्धा. ओरत्तनाडूतही हाच प्रकार होता. लग्न असो, बारसं असो, चिदंबररावांचा नेमका उपास. महिन्याला साऱ्या जगाच्या दोन एकादश्या, यांच्या पाच. लोक म्हणत, हा माणूस पुढच्या जन्मी ऋषी होणार.

सेतुमाधवरावांना मात्र वेगळीच शंका आली. तिसऱ्या संक्रांतीला चिदंबरराव गेल्यावर ते अंबाबाईंना म्हणाले, "ह्या माणसास माझा हात चालतो, माझें अन्न चालत नाही. समुद्र ओलांडलेल्याच्या घरीं हा जेवणार नाही. काका परवडले. ते तोंडावर तरी बोलतात."

"असें नसेल," अंबाबाई म्हणाल्या. "त्याचे डोळे तसे नाहीत."

पण एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की ते कुणाचं ऐकत नाही.

१९५७ च्या वैशाखात डॉक्टरांच्या मुलाची, सूर्यनारायणाची, मुंज निघाली. नातवाच्या मुंजीसाठी गुरुमूर्तीकाकाही राग गिळून आले. मग हा कारकून कोण टिकोजीराव लागून गेला? डॉक्टर स्वतः ओरत्तनाडूला गेले आणि चिदंबररावांच्या दारात उभे राहून म्हणाले, "जेवायला यायचें. नाही आलांत तर मी काय समजायचें तें समजेन." चिदंबररावांचा चेहरा उतरला. डॉक्टरांना वाटलं, चोर सापडला.

मुंजीच्या दिवशी नवरा-बायको दोघं आली. पानं मांडली गेली तसे चिदंबरराव मागे मागे सरकू लागले. आधी म्हणाले वाढायला मदत करतो, मग म्हणाले दुसऱ्या पंगतीला बसतो. डॉक्टरांनी त्यांचा तोच काटकोनातला हात धरला आणि दोनशे माणसांदेखत आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. समोर गुरुमूर्तीकाका. भात वाढला, वरण आलं, तूप आलं. सगळ्यांनी आपोशनाचं पाणी उजव्या तळव्यावर घेतलं.

आता हे पाणी तोंडात गेल्याशिवाय जेवायला सुरुवात होत नाही. पंगत एकदम सुरू होते आणि एकदम उठते, अशी रीत. पाणी पिऊन झालेली माणसं बघू लागली, कारण एकाच माणसाच्या तळव्यावर पाणी अजून तसंच होतं. चिदंबररावांचा तळवा छातीपुढे आला आणि थांबला. तोंड वर, तळवा खाली, मध्ये चांगलं वीतभर अंतर. त्यांनी मान वाकवली. पाणी पानावर सांडलं. त्यांनी डाव्या हाताने तळव्यावर पुन्हा पाणी ओतून घेतलं. पुन्हा सांडलं.

"चिदंबर, काय झालें रे?" गुरुमूर्तीकाकांनी विचारलं.

"कांही नाही, काका. तुम्ही चालू द्या."

मग त्यांनी पाठ वाकवली, खांदा वर ओढला, सगळं अंग मुडपलं, तरी ओठ पोचेनात. कपाळ पानातल्या भाताला लागलं. कुणीतरी हसलं. आणि बायकांच्या बाजूने सुंदरीबाई उठून आल्या. पुरुषांच्या पंगतीत बाईने येऊन बसायचं हे त्या गावाने तोवर पाहिलं नव्हतं. त्या नवऱ्याजवळ जमिनीवर बसल्या, पदराने त्यांचं कपाळ पुसलं, भाताचा घास कालवला आणि त्यांच्या तोंडात घातला.

"बघतां काय?" त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "तीन वर्षें मीच भरवतें. घरीं दार लावून भरवतें, इथें दार नाही, इतकेंच."

सेतुमाधवरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो कोन पाहिला. बरोबर नव्वद. उठून कुठेतरी निघून जावं असं त्यांना फार वाटलं, पण पंगत मोडता येत नाही. शेवटचा माणूस ताक पिऊन होईपर्यंत ते तिथेच बसले, आणि शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला घास घास भरवताना त्यांना बघावं लागलं.

हात धुतल्यावर चिदंबररावच त्यांच्याजवळ आले. "क्षमा करा. तुमच्या कार्यांत माझ्यामुळें विघ्न आलें."

हे ऐकून तर डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मज सांगितलें कां नाही?"

"कापायचा हात तुम्ही ठेवलांत. वर आणखी काय मागूं?"

"चमच्याने खायचें होतें. लांब दांड्याचा चमचा..."

"चमच्यानें औषध घेतात," सुंदरीबाई मागून म्हणाल्या. "करून पाहिलें तेंही. पळीनें पाहिलें. सारभात अंगावर, पळी भुईवर. आणि डाव्या हातानें जेवूं म्हणाले, तें मींच होऊं दिलें नाही."

त्या रात्री डॉक्टरांनी विलायतेचं पुस्तक काढलं. पुस्तक खोटं बोलत नव्हतं. ते लिहिणारा माणूस खुर्चीवर बसून, काट्याने टोचून, पाठ ताठ ठेवून जेवत होता. त्याला आपोशन ठाऊक नव्हतं, पान ठाऊक नव्हतं, आणि त्याने ते ठाऊक करून घ्यायचं काही कारणही नव्हतं. कारण होतं ते सेतुमाधवरावांना. जन्मभर पाटावर बसून जेवलेला माणूस, आणि त्याने एकदाही, अगदी एकदाही, चिदंबररावांना विचारलं नाही की बाबा रे, तू जेवतोस कसा?

दुसऱ्या दिवशी त्यांनी रामस्वामीला बोलावलं आणि उजवा हात पुढे केला. "काटकोनांत प्लास्टर घाल."

"कुठें मोडलाय, सार?"

"अजून मोडला नाही. घाल म्हणतों ना!"

आठ दिवसांची रजा टाकून डॉक्टर घरी बसले. लिहायला हात झकास चालत होता, त्यांनी तीन पत्रं लिहिली. बाकी सगळा आनंद. गंध लावायला कपाळ सापडेना, नाक खाजलं तर भिंतीला घासावं लागे, सदऱ्याची वरची गुंडी तशीच राहू लागली. जेवायला बसल्यावर त्यांनी अंबाबाईंना बजावलं, मी माझा खाईन. अर्ध्या तासात पानाभोवतीची जमीन जेवली, डॉक्टर उपाशी.

"विलायतेंत कसे जेवत होतां?" अंबाबाईंनी हसू दाबत विचारलं.

"खुर्चीवर."

"मग आणूं खुर्ची?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि अंबाबाईंनी घास भरवला. भरवताना त्या थट्टा करत होत्या, पण चौथ्या दिवशी त्यांची थट्टा आपोआप बंद पडली. सहाव्या दिवशी डॉक्टर प्लास्टरसकट ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसले.

चिदंबररावांनी दार उघडलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अय्यो! पडलांत कां?"

"नाही. तुमचा हात घालून पाहिला," डॉक्टर म्हणाले. "सहा दिवस झाले. तीन वर्षें कशीं काढलींत?"

डॉक्टर ओसरीवर बसले आणि ज्या वाक्यासाठी ते इतक्या लांब आले होते ते त्यांनी एका दमात म्हणून टाकलं. "चूक माझी. हात तुमचा होता आणि कोन मीं पुस्तकांतून आणला. आणि वर तुम्ही माझ्या घरीं जेवत नाही म्हणून तुमच्यावर रागावलों. दोन्हींची क्षमा मागतों."

सुंदरीबाई दारात उभ्या होत्या. डॉक्टर क्षमा मागतो हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. काय करावं ते न सुचून त्या पाणी आणायला आत गेल्या.

मग डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. सांधलेलं हाड पुन्हा कापायचं, दोन बोटं रुंदीचा तुकडा काढून टाकायचा आणि मध्ये पोकळी ठेवायची. क्षय आता मेला आहे, तेव्हा हे करता येईल. कोपर वाकेल. पण ते सैल राहील, लटपटेल. भरलेली घागर कधी उचलता येणार नाही. कोपराच्या मागून एक मज्जातंतू जातो, त्याला धक्का लागला तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लुळं पडेल, मग लिहिणंही गेलं. आणि एवढं करून हात तोंडाशी पोचेलच अशी खात्री नाही.

"आतां आहे तो हात मजबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "मी तो कमजोर करायला निघालों आहे. ह्या वेळीं मी ठरवणार नाही. तुम्ही ठरवा."

चिदंबररावांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "ओझें उचलायला माणूस मिळतो. जेवायला माणूस ठेवतां येत नाही. करा."

इस्पितळाचे मोठे साहेब ऐकून भडकले. उत्तम सांधलेला सांधा, कागदावर यशस्वी म्हणून नोंदलेला, तो स्वतःच्या हाताने मोडणार? लोक काय म्हणतील? सेतुमाधवराव म्हणाले, "लोकांनी मुंजींत पाहिलें आहे. म्हणायचें तें म्हणून झालें."

शस्त्रक्रिया झाली आषाढात. स्वतःचं काम मोडायला बसलेल्या माणसाचा हात हलका कसा असेल? हाड इतकं पक्कं धरलं होतं की छिन्नी तीनदा घसरली. डॉक्टरांनी आधी तो मज्जातंतू शोधून बाजूला घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळला, आणि मग दोन तास श्वास रोखल्यासारखं काम केलं. संध्याकाळी गुंगी उतरली तेव्हा ते खाटेजवळ जाऊन म्हणाले, "करंगळी हलवा." करंगळी हलली. डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले आणि रामस्वामीकडे पाणी मागितलं.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आता खरं काम. तीन वर्षं बसून राहिलेला स्नायू म्हणजे सरकारी नोकर, एकदम उठत नाही. रोज बाराच्या ठोक्याला सुंदरीबाई पितळी डबा घेऊन येत, त्यांनी तंजावुरातच नात्यातल्या ताराबाईंकडे मुक्काम टाकला होता. डॉक्टर त्याच वेळी खाटेपाशी येऊन बसत. पहिल्या आठवड्यात हात छातीच्या गुंडीपर्यंत आला. दुसऱ्यात गळ्याच्या हाडापर्यंत. मग हनुवटीखाली चार बोटांवर आला आणि तिथे जो थांबला तो थांबलाच. एक दिवस, चार दिवस, अकरा दिवस. मोठे साहेब फेरीला येत, बघत आणि काही न बोलता पुढे जात. ते बोलले असते तर बरं, असं डॉक्टरांना वाटे.

डॉक्टरांची झोप उडाली. हाड जास्त काढलं का? कमी काढलं? त्यांनी दुसरा एक्स-रे काढला, तिसरा काढला. एक्स-रे म्हणत होता, हात वर जायला काही हरकत नाही. मग अडतंय कुठे?

बाराव्या दिवशी ते रोजच्यासारखे खाटेपाशी बसले, आणि त्या दिवशी त्यांनी हाताकडे बघायचं सोडून दिलं. ते सुंदरीबाईंकडे बघू लागले. चिदंबररावांनी घास उचलला. घास वर आला, हनुवटीखाली थरथरला, थांबला. तोच सुंदरीबाईंचा हात पुढे झाला, त्यांनी तो घास नवऱ्याच्या बोटांतून घेतला आणि त्यांच्या तोंडात घातला. त्यांनाही कळलं नसेल, त्या बोलत होत्या ताराबाईंच्या गाईबद्दल. तीन वर्षांची सवय. चार बोटांचं अंतर त्या रोज स्वतःच पार करत होत्या, मग हाताने कशाला करावं?

"बाई," डॉक्टर म्हणाले, "उद्यांपासून भरवायचें नाही."

"मग?"

"डबा ठेवायचा आणि हात मागें बांधून बसायचें."

"पोटांत नाही गेलें तर?"

"तर उपाशी राहतील."

सुंदरीबाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की मोठे साहेबही त्यांना त्यापेक्षा प्रेमळ वाटले. "तुम्हीच हात ठेवलांत, तुम्हीच मोडलांत, आतां उपाशीही तुम्हीच ठेवणार?"

"होय," डॉक्टर म्हणाले. आणि त्यांना त्या क्षणी स्वतःचा मनापासून राग आला, पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

पहिल्या दिवशी चिदंबररावांनी वीस वेळा घास उचलला, वीस वेळा तो खाली आला. रामस्वामीने भांडं ओठाला लावून ताक पाजलं, तेवढंच. सुंदरीबाई हात पाठीमागे घेऊन, ओठ आवळून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चार शितं ओठांना लागली. सुंदरीबाई वॉर्डाबाहेर गेल्या आणि व्हरांड्यात उभ्या राहून मोठ्याने रडल्या. डॉक्टर त्यांच्याजवळ गेले नाहीत. काय सांगणार? त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती.

तिसऱ्या दिवशी सारभात होता. दोन दिवसांची भूक चिदंबररावांच्या डोळ्यांत दिसत होती. त्यांनी घास उचलला. घास छातीपाशी आला, गळ्यापाशी आला, हनुवटीखाली थांबला, थरथरला. सुंदरीबाईंचा उजवा हात आपोआप पुढे आला. त्यांनीच तो डाव्या हाताने धरून मागे ओढला. चिदंबररावांनी डोळे मिटले. कोपर लटपटलं, खांदा उचलला गेला, मान जराशी, अगदी जराशी, पुढे आली, आणि अर्धा घास छातीवर सांडून उरलेला अर्धा तोंडात गेला.

शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला शेतकरीही उठून बसला होता.

चिदंबरराव चावत राहिले. मग त्यांनी दुसरा घास उचलला. तो थोडा कमी सांडला. तिसरा घास गेला तेव्हा त्यांच्या कपाळाला एक बारीक आठी पडली. डॉक्टर घाबरून पुढे वाकले. "काय होतें? दुखतें?"

"नाही," चिदंबरराव म्हणाले आणि बायकोकडे वळले. "अगे, सारांत मीठ जास्त झालें आहे."

सुंदरीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते कुणाला कळेना, बहुधा दोन्ही एकदमच.

"तीन वर्षें, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तीन वर्षें मीं घातलें तें ह्यांनी गिळलें. खारट, आळणी, करपलेलें. एक शब्द काढला नाही. पूर्वीं रोज नांवें ठेवायचे हो! मी विचारायचें, कसें झालें आहे? तर म्हणायचे, चांगलें आहे. भरवणाऱ्या हातास काय बोलायचें म्हणून गप्प बसायचे. मज कळत कां नव्हतें?"

डॉक्टरांनी डोळे पुसायला चष्मा काढला.

"आणि भातही मऊ झाला आहे," चिदंबरराव म्हणाले, आणि त्यांनी चौथा घास उचलला.